‘नाही’ शेवटी येतं

सरांशी बोलताना नुसतं ‘हो’ म्हणून भागत नसे. ‘पोचलं’ म्हणावं लागे. काही सांगून झालं की ते मान पुढे काढून तुमच्याकडे बघत थांबायचे, आणि तुम्ही ‘पोचलं’ म्हणेपर्यंत पुढचं वाक्य काही बाहेर येत नसे. ‘समजलं’ चालायचं नाही. मान डोलावणं तर मुळीच नाही. “मान काय, बैलही हलवतो,” म्हणायचे. “पोचलं का, ते सांग.”

हे वर्गापुरतं असतं तर ठीक होतं. गोकुळपेठेच्या बाजारात मेथीवालीलाही सुटका नव्हती. “दोन जुड्या दे, कोवळ्या पाहून. पोचलं?” ती बिचारी पहिल्यांदा म्हणाली, “काय पोचलं जी?” सर म्हणाले, “मी बोललो ते.” ती म्हणाली, “अजी, मी तं समोरच बसून राहिली. पोचल नाही तं काय!” शेवटी तिनंच हार मानली. सर नुसते लांबून दिसले तरी ती हात वर करून ‘पोचलं जी, पोचलं’ म्हणत जुड्या बांधायला घ्यायची.

कॉलेजात त्यांना ‘पोच सर’च म्हणत. स्टाफरूममधल्या शहाण्यांनी त्यावर कोटी केली होती, की ज्याला जगाची काडीची पोच नाही त्याचं नाव पोच. ही कोटी मी विद्यार्थिनी असताना ऐकली, पुढे तिथंच शिकवायला लागले तेव्हाही ऐकली. दोन्ही वेळा राग आला. आजही येतो. पण एक कबूल करायला हवं, जगाची पोच त्यांना खरंच बेताची होती. असती तर अमेरिकेतली नोकरी सोडून नागपूरला परत कशाला आले असते?

वडील गिरणीत, घर इंदोऱ्याकडे, आणि पोरगा शिकून अमेरिकेपर्यंत गेला. दोन-तीन वर्षं तिकडे काढली आणि एक दिवस आपला परत. येताना लोक टेपरेकॉर्डर आणत, घड्याळं आणत. ह्यांनी ट्रंकभर कागद आणले. सायक्लोस्टाइल केलेले, पिवळे पडत चाललेले. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आल्यागेल्याला ती ट्रंक दाखवायच्या आणि म्हणायच्या, “पाहा, सातासमुद्रापलीकडून रद्दी आणली. हमाली वेगळी दिली.”

त्या रद्दीत जे होतं ते आज तुमच्या-आमच्या खिशात आहे. तेव्हा कुणाला काय कळणार? आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर एकच, गार खोलीत ठेवलेला, चपला बाहेर काढून आत जायचं. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तरासाठी दुसऱ्या दिवशी यायचं. अशा दिवसांत सर फळ्यावर चार गोल काढायचे आणि सांगायचे, की तिकडे चार ठिकाणचे चार कॉम्प्युटर तारेनं जोडलेत आणि ते एकमेकांशी बोलतात. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, “काय बोलतात सर, जेवण झालं का?” सर गंभीरपणे म्हणायचे, “पहिल्या दिवशी तर तेवढंही बोलता आलं नाही. पाच अक्षरांचा शब्द पाठवायचा होता. दोन अक्षरं पोचली आणि यंत्र बसलं.” त्यांना ही गोष्ट फार आवडायची. जगातला तसला पहिला निरोप अर्धवटच पोचला, हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा.

शिकवायचे मात्र झकास. “टेलिफोनचं कसं आहे? तू रामटेकला बोलतेस, तर इथून रामटेकपर्यंतची तार तुझी एकटीची. तू गप्प बसलीस तरी तुझीच. ही झाली श्रीमंती. नव्या पद्धतीत निरोपाचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहायचा आणि कितवा तुकडा ते लिहायचं. मग द्यायचे सोडून. एक कामठी-कन्हानवरून जाईल, दुसरा सावनेरवरून फिरून येईल. मागचा पुढे पोचेल, पुढचा मागे राहील. राहू दे. रामटेकला बसलेला माणूस नंबरानं लावून घेईल आणि एकेकाची पोच परत पाठवेल. पोच आली नाही, की तुकडा हरवला समजायचं आणि पुन्हा पाठवायचा. बस, एवढंच आहे. पोचलं?”

“पोचलं,” आम्ही कोरसमध्ये म्हणायचो.

ते स्वतः रोज वेगळ्या रस्त्यानं घरी जायचे. आज सदरवरून, उद्या स्टेशनच्या पुलावरून, परवा कुठून तरी तिसरीकडून. कुणी विचारलं तर म्हणायचे, “ज्या गावाला एकच रस्ता, ते गाव नाही, पिंजरा आहे.” सायकलवर, पँटच्या पायाला क्लिप लावलेली, कॅरियरला मेथी.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. छप्पन साली नागपुरात लाखोंनी बौद्ध दीक्षा घेतली तेव्हा ते लहान होते. आईबापांबरोबर गेले होते आणि जागा मिळाली फार मागे. समोर माणसंच माणसं. त्या कोपऱ्यात नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून पुढचा माणूस वळून मागच्याला शब्द सांगायचा, मागचा त्याच्या मागच्याला. त्यांच्यापर्यंत आलेला शब्द ते मागे वळून आईला सांगायचे. आई दरवेळी म्हणायची, “पोचलं बाबू.” सर म्हणाले, “तिकडे अमेरिकेत तो मोठा प्रोफेसर फळ्यावर आकृती काढत होता आणि मले माहा मायचा आवाज येऊन राहिला होता.” एरवी वर्गात पुस्तकी मराठी बोलणारे सर असं काही सांगताना घरच्या बोलीवर यायचे.

आता मारबतीच्या दिवसाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, काळी आणि पिवळी. त्या बायांचे मोठाले पुतळे गावभर मिरवतात आणि ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावाबाहेर नेऊन जाळतात. महालातले रस्ते त्या दिवशी माणसांनी तुंबलेले असतात. सरांनी नेमका तोच दिवस धरला. “रस्ते मोकळे असले तर परीक्षा कसली?” आम्ही महाल-इतवारीकडची पंधरा-वीस पोरं आमच्या घरच्या ओसरीवर जमलो. सर कॉलेजात. तिथून चार सायकली चार वाटांनी निघणार, प्रत्येकाकडे एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एक शब्द आणि नंबर. मी त्या लावायच्या आणि वाचून दाखवायच्या. निरोप काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिली आली दोन नंबरची: ‘कॉलेजला’. मग एक नंबर: ‘उद्या’. बऱ्याच वेळानं तीन नंबर घामाघूम होऊन आला: ‘सुट्टी’. चार नंबर मोरेश्वरकडे होता. मोरेश्वर काही येईना. मी म्हटलं, थांबा, चौथी यायची आहे. पण ‘उद्या कॉलेजला सुट्टी’ एवढं वाचल्यावर कोण थांबतंय? चौथ्या चिठ्ठीवर ‘आहे’ असणार, आणखी काय असणार! ओसरी रिकामी झाली, आणि ती बातमी संध्याकाळपर्यंत होस्टेलातही गेली. मोरेश्वर आला तो दिवेलागणीला, गुलालानं लाल होऊन. मिरवणुकीत अडकला, मग नाचला. खिशातून चिठ्ठी काढून दिली. तिच्यावर ‘नाही’ लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात मी आणि मोरेश्वर. प्रिन्सिपॉलनी सरांना बोलावून जे काय ऐकवायचं ते ऐकवलं. सर हसतच वर्गात आले. “तिकडच्या लोकांचं बरं आहे,” म्हणाले. “त्यांचा नकार वाक्यात लवकर येतो. मराठीत ‘नाही’ शेवटी येतं. सगळं गोड गोड बोलून झाल्यावर. म्हणून शेवटचा तुकडा हातात येईपर्यंत कुणी नाचू नये.” मग मोरेश्वरकडे बघून म्हणाले, “तुझं ‘नाही’ मारबत घेऊन गेली का रे?” तेव्हापासून मोरेश्वरचं नावच ‘नाही’ पडलं.

काकूंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या पोट धरून हसल्या. काकू म्हणजे बोलण्याचा धबधबा. शाळेत मास्तरीण, घरी आल्यावरही तोंडाला विसावा नाही. भाजी चिरता चिरता तीन विषय, त्यात दोन शेजारणींचे आणि एक सरांचा. “ह्याइले एक वाक्य सबंध सांगता येत नाही वं. तुकडे, तुकडे. उद्या वरण-भातही नंबर टाकून वाढा म्हणतील.” साऱ्या नागपुरात सरांना ‘पोचलं’ न म्हणणारी ही एकच बाई होती. सर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून काही सांगायचे आणि मान पुढे काढून थांबायचे. काकू पोळी लाटत राहायच्या. “पोचलं?” सर विचारायचे. काकू म्हणायच्या, “मी काही तुमची मशीन नाही.” मग दोघंही हसायचे. लग्न झाल्यापासून हे असंच चाललेलं. मूलबाळ नव्हतं. हा खेळ होता.

सर अमेरिकेतून परत का आले, हेही मी काकूंनाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “तिथं ऐकायले कोणी नव्हतं म्हणे. इथं तरी कोण ऐकते? पण बडबड ऐकू येते ना माही.”

ती बडबड एका सकाळी बंद झाली. शाळेत जायला निघाल्या होत्या, पदराला पिन लावता लावता खाली बसल्या. लकवा. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यात मी सरांबरोबर होते. तरुण डॉक्टर होता, सरळ मनाचा. तो टेबलावरची पेन्सिल फिरवत म्हणाला, “सर, खरं सांगायचं तर यापुढे त्यांना काही समजेल असं मला वाटत—”

सर उठले. “पोचलं, डॉक्टर,” म्हणाले आणि दाराबाहेर गेले.

डॉक्टरनं वाक्य पुरं केलं. ते ‘नाही’ माझ्या एकटीच्या वाट्याला आलं. पुढे कधी सरांनी मला विचारलं नाही, आणि मीही ते त्यांना दिलं नाही. माझ्या मते मी बरंच केलं.

काकूंना घरी आणल्यावर सरांचे सगळे रस्ते संपले. कॉलेज सुटलं की जवळच्या वाटेनं थेट घर. रोज तीच वाट. खाटेशी स्टूल घ्यायचे आणि काकूंचं डावं बोट आपल्या मुठीत धरायचे. मग बोलायचे. एक शब्द बोलून थांबायचे.

“आज.”

थांबायचे.

“मेथी.”

पुन्हा थांबायचे. बाहेर रिक्षावाले भांडत जायचे, भिंतीपलीकडे शेजारच्या शालूबाईंचा रेडिओ लागलेला असायचा.

“आणली.”

आणि मग आनंदानं वर बघायचे. “पोच आली. बोट दाबलं तिनं. ऐकून राहिली ती.”

शालूबाई काकूंचं सगळं करायच्या, पाहायच्या, जीव लावायच्या. पण मला दाराशी गाठून म्हणायच्या, “सर भिंतीशी बोलून राहिले बाई. तिची नजर पाहा ना, त्या नजरेत कोणी नाही.” काकूंची नजर खरंच छताला लागलेली असायची. जी बाई एका दमात तीन विषय बोलायची तिच्या तोंडाची लाळ मी पुसायचे. मला ते घर नको व्हायचं, आणि गेल्याशिवाय राहवायचंही नाही.

एकदा सरांनी मला स्टुलावर बसवलं. “तू बोल.” मी बोट धरलं. “काकू. मी. आली.” प्रत्येक शब्दामागे थांबले. बोट थंड होतं. काही लागलं नाही. मी हात काढून घेतला.

“लवकर काढला,” सर म्हणाले. “लाइन मंद आहे. उशीर म्हणजे नकार नाही वं.”

मी म्हटलं, “सर, पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचं, हे तुम्ही शिकवलंत. पण किती वेळा पाठवायचं, ते नाही शिकवलं.”

सर काकूंच्या अंगावरची चादर नीट करत होते. म्हणाले, “तिकडच्या यंत्राले आकडा सांगून ठेवतात. इतक्यांदा पाठव, नाही तर सोड म्हणून. मले कोणी सांगितला नाही.”

मला त्यांचा राग आला होता. इतका शिकलेला माणूस, आणि स्वतःला असं फसवतो? रिक्षात बसल्यावर रडले.

मग मला पुण्यात नोकरी लागली. सरांनीच जा म्हटलं. “एका गावाले चिकटून राहू नको, तुकड्यानं हललं पाहिजे.” दिवाळीत जायचे, उन्हाळ्यात जायचे. दरवेळी तेच स्टूल, तेच बोट. सर वाळत चालले होते, ते कुणी बघत नव्हतं. सगळ्यांची नजर खाटेवर.

एक दिवस ऑफिसात नागपूरहून ट्रंक कॉल आला. मोरेश्वर. तो आता आमच्याच कॉलेजात होता. लाइनीत खरखर. “हॅलो. ऐकू येऊन राहिलं का? अवं, सर... सर काल संध्याकाळी राहिले—”

आणि लाइन कटली.

रिसीव्हर कानाशी धरून मी उभी. आमच्याकडे माणूस गेला की ‘राहिला नाही’ म्हणतात. मोरेश्वरचं ‘नाही’ दुसऱ्यांदा वाटेत अडकलं होतं. आता मारबतही नव्हती. नियमानं मी कॉल बुक करून हरवलेला तुकडा मागायला हवा होता. मी नाही मागितला. पर्स उचलली आणि स्टेशनवर गेले. गाडीत रात्रभर त्या अर्ध्या वाक्याला दुसरे शब्द लावून पाहत होते. सर जेवायचे राहिले. सर यायचे राहिले. दौंड, मनमाड, भुसावळ मागे पडत गेलं आणि त्या वाक्यात बसणारा एकही बरा शब्द सापडला नाही. सरांना भेटायचं राहिलं, एवढंच बरोबर बसलं.

पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मेणबत्ती. परवा संध्याकाळी सायकल लावून सर पायरीवर बसले ते तिथंच कलंडले, असं मोरेश्वरनं सांगितलं. मेथी कॅरियरलाच होती.

“काकूंना सांगितलं?” मी विचारलं.

शालूबाई म्हणाल्या, “तिले काय समजते? काहून सांगायचं? पण परवापासून तोंडात पाणी नाही घेऊन राहिली. दाराकडं तोंड करून पडली आहे, छताकडं पाहतच नाही. मान इकडं केली तरी पुन्हा तिकडंच.”

मी आत गेले. स्टूल तिथंच होतं. बसले आणि काकूंचं डावं बोट मुठीत घेतलं. पूर्वीसारखंच थंड होतं. काय बोलणार होते कुणास ठाऊक. सरांच्या पद्धतीनंच तोंडातून निघालं.

“काकू.”

थांबले. ह्या वेळी मला कुठं जायचं नव्हतं. बाहेर कुणीतरी खुर्च्या उचलत होतं. शालूबाईंचा रेडिओ बंद होता. थांबले, आणखी थांबले. हात काढावा असं मनात आलं, आणि तेवढ्यात बोट हललं. माझ्या तळव्यावर दाब आला. हलका, पण आला.

“सर,” म्हटलं.

पुन्हा तेवढाच उशीर. पुन्हा दाब.

“राहिले.”

आणि पुढचा शब्द मला येईना. जो तुकडा मी डॉक्टरांच्या खोलीतून उचलून आणला होता, जो मोरेश्वरकडून मागितला नव्हता, तोच आता मला ह्या बाईला द्यायचा होता, आणि माझ्यानं तो देववत नव्हता.

तेव्हा काकूंचं बोट वळलं. माझ्या बोटाभोवती आलं आणि घट्ट झालं. ह्या खेपेला ते सुटलं नाही. दाराकडे लागलेल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरत होतं. मी ‘नाही’ पाठवलंच नव्हतं, आणि त्याची पोच आली होती.

मोरेश्वर दारात आला. दबक्या आवाजात म्हणाला, “काय झालं वं? सांगितलं का?”

“पोचलं,” मी म्हटलं.

आता फोनवर निरोप धाडला की लगेच खूण उमटते, पोचला म्हणून. घरातली पोरं तिच्याकडे बघतही नाहीत. मी बघते. ती उमटली की मला ती खोली आठवते, ते स्टूल आठवतं. इतकी वर्षं त्या बाईला सगळं पोचत होतं. मेथी पोचत होती, कॉलेज पोचत होतं, शालूबाई ‘नजरेत कोणी नाही’ म्हणायच्या तेही पोचत असेल. जिनं जन्मभर हसून ‘मी काही तुमची मशीन नाही’ म्हटलं, ती पडल्या पडल्या त्यांना एकेका शब्दाची पोच देत होती. साऱ्या गावात हे एका माणसाला ठाऊक होतं आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, मीही नाही. सर, तुमचं बरोबर होतं, एवढं त्यांना सांगायचं राहिलं.